काचेच्या दोन बाजू

दिल्ली, गुरुग्राम व नोएडा येथील उंच इमारतींना बसविलेल्या काचांच्या दोन्ही बाजू डोळ्यांस सारख्याच दिसतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या भिन्न असतात. कारण एका बाजूत कथील मुरलेले असते.

वाळूत लोहाचा अंश असल्यास काचेच्या सर्वांगास हिरवट छटा येते. तावाच्या कडेकडून पाहिले असता ती स्पष्ट दिसते. कथलाचे तसे नाही. ते वाळूतून येत नसून, काच ज्या धातूवर घडते त्यातून येते. ब्रिटनमधील ॲलिस्टर पिल्किंग्टन ह्यांनी शोधलेली पद्धत १९५९ साली जाहीर झाली. तीत सुमारे १,००० अंश सेंटिग्रेड तपमानाचा काचरस वितळलेल्या कथलाच्या कुंडात सोडतात. पाण्यावर तेल तरंगावे तसा तो कथलावर तरंगतो आणि निवत निवत सुमारे ६०० अंशांस ताव होऊन बाहेर पडतो. कथील २३२ अंशांसच वितळत असल्यामुळे ते ह्या सर्व प्रवासात द्रवरूप राहते. परिणामी घासल्यावाचूनच दोन्ही पृष्ठभाग सपाट व चकचकीत होतात. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील भिवाडी येथे ह्याच पद्धतीने काच तयार होते.

कुंडात हवा शिरली म्हणजे कथलाचा प्राणवायूशी संयोग होतो आणि ते काचेच्या खालच्या पृष्ठभागात अधिक मुरते. म्हणून कुंडावर नत्रवायू व थोडा हायड्रोजन भरून ठेवतात. तरीही काही मायक्रॉन खोलीपर्यंत कथील जातेच.

हा अंश अल्प असला तरी उपेक्षणीय नाही. मोटारींसाठी वा इमारतींसाठी काच बळकट करावयाची असता ती पुन्हा ६०० अंशांहून अधिक तापवितात. त्या वेळी मुरलेले कथील आणखी प्राणवायू घेते, तो थर फुगतो व त्यावर सूक्ष्म सुरकुत्या पडतात. काचेवर निळसर करडे धुके धरल्यासारखे दिसते. ते पुसून जात नाही आणि ताव वाया जातो. ह्याउलट, ओलाव्यामुळे काचेतील सोडियम निघून ती डागाळते, त्या झिजेस कथिलयुक्त बाजू अधिक दाद देत नाही. एकच अशुद्धी अशा रीतीने दोष आणि गुण दोन्ही ठरते.

काळोखात २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार किरणांचा दिवा धरल्यास कथिलयुक्त बाजू दुधी प्रकाशाने उजळते. हे किरण डोळ्यांस व त्वचेस अपायकारक असल्यामुळे हा प्रयोग जाणत्या शिक्षकांनीच योग्य संरक्षण घेऊन करावा.

केवळ कच्चा माल शुद्ध असून भागत नाही. तप्त पदार्थ ज्याच्या संगतीत निवतो त्याचाही अंश तो उचलतो. म्हणूनच काचेवर लेप देण्यापूर्वी कारागीर प्रथम तिची बाजू ओळखतो.