तापीचे छायाचित्र, तापीची कविता

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावलेली तापी खानदेशातून वाहत, सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्राला मिळते. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांची घरे खानदेशातून इकडे आलेली. नदी मात्र तीच. म्हणून निसर्गकवितेचा पाठ मी बालकवींच्या ‘औदुंबर’पासून सुरू करतो. बालकवी (१८९०–१९१८) जन्मले ते धरणगावात, म्हणजे तापीच्याच खोऱ्यात.

या आठ ओळींत ‘मी’ कोठेही नाही. झरा, पलीकडच्या टेकडीकडचे गाव, शेते, पायवाट, डोह अशी दृश्ये एकामागून एक येतात. निळा, हिरवा, पांढरा, काळा हे रंग त्यांच्यासोबत येतात. येथवरचे काम कॅमेऱ्यालाही जमेल. शेवटच्या ओळीत मात्र झाड पाण्यात पाय सोडून बसते. छायाचित्रात बुंधा दिसेल, मुळे दिसतील. पाय दिसण्यासाठी कवीच लागतो.

पाठानंतर मुलांनी मोबाइलवर नदीचे एक छायाचित्र काढायचे आणि त्यावर आठ ओळी लिहायच्या. आधी वस्तूंची नावे, विशेषणे नंतर, एवढाच नियम.

एका वर्षी एका मुलाने सिंगणपोर कॉजवेच्या वरच्या अंगाचे छायाचित्र आणले. काठापासून दूरवर हिरवेगार. खाली कविता होती हिरवळीवर. मी दोन्ही वाखाणली. मागच्या बाकावरून एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, ती हिरवळ नाही, जलपर्णी आहे.”

तिचे बरोबर होते. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर माजते. तिच्या दाट थराखाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो. छायाचित्र खोटे नव्हते. नाव चुकले होते. ती चूक मुलाची होती, तशी माझीही. रंग पाहून मी भुललो होतो.

मुलाने कविता पुन्हा लिहिली. हिरवा रंग त्याने तसाच ठेवला. पण शेवटी नदी गोधडीखाली श्वास शोधत होती. छायाचित्र तेच, पण आता ते पाहताना वर्ग गप्प झाला.

तेव्हापासून मी तीन प्रश्न विचारतो. चौकटीत काय आहे? त्याचे नेमके नाव काय? चौकटीबाहेर काय राहिले? पहिल्याचे उत्तर कॅमेरा देतो. उरलेली दोन कवितेने शोधायची. ती मिळेपर्यंत ‘सुंदर’ हा शेरा मी वहीवर लिहीत नाही.