न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला

पंडरीच्या कापडबाजारामुळे व्यापाऱ्यांना परिचित असलेले रायपूर शहर आज छत्तीसगडची राजधानी आहे. १९२२ मध्ये ते तत्कालीन मध्यप्रांतातील एक जिल्ह्याचे ठिकाण होते. त्या वर्षी तेथील सरकारी हायस्कुलातून महंमद हिदायतुल्ला नावाचा एक विद्यार्थी शालेय शिक्षण पुरे करून बाहेर पडला. पुढे हाच विद्यार्थी भारताचा सरन्यायाधीश झाला.

हिदायतुल्ला यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ रोजी झाला. त्यांचे वडील हाफिज महंमद विलायतुल्ला सरकारी अधिकारी होते व उर्दूत काव्यरचनाही करीत. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर हिदायतुल्ला केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १९३० मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी त्यांनी नागपूर येथे वकिलीस आरंभ केला. वकिली करीत असतानाच ते नागपूरच्या विधिमहाविद्यालयात अध्यापनही करीत. १९४३ मध्ये ते मध्यप्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्यप्रदेशात राहिले. नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला स्थापन झाले, तेव्हा त्याचे मुख्य न्यायाधीशपद हिदायतुल्ला यांच्याकडे आले. १ डिसेंबर १९५८ रोजी ते सर्वोच्च न्यायालयात रुजू झाले.

पदांची ही परंपरा गौरवास्पद आहे. तथापि त्यांची खरी ओळख त्यांच्या निकालपत्रांतून घडते. त्यांतील एकाचा संबंध महाराष्ट्राशी आहे. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा एक दावा चालू होता. एका साक्षीदाराने अशी विनंती केली की, आपली साक्ष वृत्तपत्रांत छापली गेल्यास आपल्या धंद्याची हानी होईल, म्हणून तिच्या प्रसिद्धीस मनाई करावी. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी तोंडी आदेश देऊन ती मान्य केली. नरेश श्रीधर मिरजकर व अन्य पत्रकार या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. खुल्या न्यायालयात सर्वांसमक्ष दिलेली साक्ष जनतेपासून लपविता येते काय, आणि न्यायाधीशाच्या आदेशानेही नागरिकाच्या मूलभूत हक्काचा भंग होऊ शकतो काय, असे दोन प्रश्न त्यातून उभे राहिले.

मार्च १९६६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्यासह आठ न्यायाधीशांनी पत्रकारांचे अर्ज फेटाळले. हिदायतुल्ला एकटेच असहमत राहिले. राज्यघटनेने दिलेल्या हक्कांपुढे न्यायसंस्थाही उत्तरदायी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एखाद्या न्यायाधीशाने कारणावाचून विशिष्ट पक्षाच्या लोकांना न्यायालयाबाहेर जाण्यास फर्माविले, तर त्यांनी दाद कोठे मागावी, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. आपल्याच व्यवसायबंधूंच्या अधिकारावर मर्यादा घालणारे हे मत मांडणे सोपे नव्हते. बहुमताचा तो निर्णय कायद्यात टिकून राहिला. तरीही या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यास हिदायतुल्ला यांचे असहमतीचे निकालपत्र टाळून पुढे जाता येत नाही.

एकट्याचे मत सदैव निष्फळ ठरते असे नाही. १९६४ मध्ये सज्जन सिंग खटल्यात हिदायतुल्ला आणि अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातील न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर या दोघांनी, संसदेला मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार आहे काय, याविषयी शंका प्रकट केली होती. ही शंका त्या वेळी अल्पमतात होती. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायाधीश याच प्रश्नावर सहा विरुद्ध पाच असे विभागले गेले. बहुमतातील पाचांनी एकत्र निकाल दिला. हिदायतुल्ला यांनी स्वतंत्र कारणे देऊन त्यांच्या निष्कर्षास दुजोरा दिला आणि त्यांच्या मताने बहुमत सिद्ध झाले. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात गोलकनाथचा निर्णय बाजूस सारला गेला. परंतु घटनादुरुस्तीच्या अधिकारास काही सीमा आहे, हा विचार घटनेच्या मूलभूत चौकटीच्या सिद्धान्तरूपाने कायम झाला.

२५ फेब्रुवारी १९६८ रोजी ते सरन्यायाधीश झाले. १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले, आणि त्यानंतर कार्यवाह राष्ट्रपती वराहगिरी व्यंकटगिरी यांनी निवडणूक लढविण्यासाठी राजीनामा दिला, तेव्हा २० जुलै ते २४ ऑगस्ट या काळात राष्ट्रपतिपदाची जबाबदारी हिदायतुल्ला यांनी सांभाळली. १५ डिसेंबर १९७० रोजी, म्हणजे निवृत्तीच्या आदल्या दिवशी, संस्थानिकांची मान्यता रद्द करणारा राष्ट्रपतींचा आदेश अवैध ठरविणाऱ्या बहुमतात ते होते. त्याच वर्षी फिलिपाइन्स विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९७९ ते १९८४ या काळात ते भारताचे उपराष्ट्रपती होते. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

२००३ मध्ये रायपूरला त्यांच्या नावाने राष्ट्रीय विधि विद्यापीठ स्थापन झाले. तेथे कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांच्या चरित्रातून एक गोष्ट निश्चित शिकता येईल: न्यायाधीशाचे स्वातंत्र्य शासनापुढे जसे कसोटीला लागते, तसेच ते त्याच्या सहकाऱ्यांपुढेही लागते, आणि ही दुसरी कसोटी अनेकदा अधिक कठीण असते.