घाटात दम तुटतो, म्हणून टर्बोच बदलायचा?

प्रश्न : माझी जुनी ऑक्टाव्हिया आरएस (१.८ टर्बो पेट्रोल) सपाटीवर उत्तम धावते. महाडहून वरंध घाट चढून भोरला येताना किंवा वेल्ह्याच्या पाबे घाटात मात्र ताकद जाते, काळा धूर येतो. मेकॅनिक टर्बो बदला म्हणतो. काय करू?

उत्तर : इतक्यात बदलू नका. टर्बो निकामी असता तर त्याचा आवाज बदलला असता, सपाटीवरही ओढ कमी झाली असती. चढावर टर्बोने भरलेल्या हवेचा दाब सर्वाधिक असतो, तेव्हाच जुन्या रबरी नळीची चीर उघडते किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्हचा फाटका पडदा हवा सोडतो. सेन्सरने ती हवा आधीच मोजलेली असते. त्यामुळे पेट्रोल हिशेबाने पडते, पण हवा कमी पोचते. काळा धूर त्याचाच. आधी स्मोक टेस्ट करून गळती शोधा. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ताकद परतत असेल, तर वेस्टगेट आणि दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्हही तपासा.

नळीत ऑइल दिसते, म्हणून टर्बोच गेला, असे मेकॅनिक म्हणेल. पण थोडे ऑइल इंजिनाच्या ब्रीदरमधूनही येते. थंड इंजिनावर नळी काढून टर्बोचा दांडा हलवून पाहावा. पाती आवरणाला घासत असतील तरच टर्बो बदलावा. तेव्हाही ऑइलचा दाब मोजून, ऑइल संपमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी साफ करून घ्या. नाहीतर नवा टर्बोही लवकर जाईल.