चतुराची अळी : डासांची शत्रू

आपल्या छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी ड्रम भरलेले. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी अशाच साठवलेल्या पाण्यात अंडी घालते. साधारण ७ ते १० दिवसांत त्यांचे डास होतात.

तळ्यातल्या डासांच्या अळ्यांना मात्र शत्रू असतो. मुलं ज्याला 'हेलिकॉप्टर' म्हणतात, त्या चतुराची अळी पाण्यातच वाढते आणि खालचा ओठ झटकन पुढे फेकून शिकार पकडते. तळ्यात कीटकनाशक टाकलं तर हे भक्षकही मरतात, हे मुलांना जरूर सांगा.

घरातल्या ड्रममध्ये चतुर येत नाही. तिथलं काम आपलंच. पाणी फेकायला जीवावर येतं ना? मग ते कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात काढा. अंडी कडेला चिकटतात, म्हणून ड्रम आठवड्यातून एकदा घासून, कोरडा करून भरा आणि घट्ट झाका.