इंटरनेट कॉलवर आवाज स्पष्ट ऐकू येण्यासाठी



सुट्टीत किंवा आजारपणात आपण बरेचदा मुलांचं वाचन फोनवरच ऐकतो. मूल 'शाल' म्हणतं, आपल्याला 'साल' ऐकू येतं आणि आपण लगेच टोकतो. पण दोष दर वेळी मुलाच्या जिभेचा नसतो. म्हणून आवाज नेमका कुठे बिघडतो ते आधी समजून घेऊ.

आवाज कसा जातो?

इंटरनेट कॉलमध्ये आपलं बोलणं साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत विभागलं जातं, म्हणजे सेकंदाला 50 तुकडे. प्रत्येक तुकडा टपालाच्या पाकिटासारखा वेगळा निघतो. पाकिटं हरवली की शब्द तुटतो, मागेपुढे पोहोचली की आवाज अडखळतो. पोहोचायला 150 मिलिसेकंदांहून बराच जास्त वेळ लागला, की दोघं एकाच वेळी बोलू लागतात.

अशा वेळी मोठा डेटा पॅक घेऊन उपयोग होईलच असं नाही. नुसत्या आवाजाला सेकंदाला 100 किलोबिटसुद्धा पुरतात. पाकिटं वेळेवर पोहोचणं महत्त्वाचं.

'स' आणि 'श' सारखेच का वाटतात?

जुन्या टेलिफोनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. 'स'ची बरीचशी सळसळ त्याच्या वर असते, ती गळून जायची. इंटरनेट कॉलवर ती जाऊ शकते. पण रेंज कमी झाली की बरीच ॲप्स आवाजाचा दर्जा उतरवतात.

काय करता येईल?

1. व्हिडिओ बंद ठेवा.
2. राउटर असलेल्या खोलीतच बसा.
3. घरातले इतर व्हिडिओ आणि डाउनलोड तेवढ्यापुरते थांबवा.
4. स्पीकर बंद करून माइक असलेला वायरचा इअरफोन लावा. प्रतिध्वनी कमी होतो.
5. पंखा, टीव्ही बंद करा.

एवढं करूनही जमलं नाही, तर वाचन रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. त्यात हरवलेली पाकिटं पुन्हा मागवली जातात, त्यामुळे शब्द मध्येच गायब होत नाहीत.

करून पहा

साल–शाल, सूर–शूर, सर–शर या जोड्यांतले शब्द मुलाला कॉलवर उलटसुलट म्हणायला सांगा आणि ऐकलेले लिहून घ्या. मग तेच शब्द समोर बसवून म्हणून घ्या. समोर बरोबर आणि फोनवर चूक येत असेल, तर सुधारायचा आहे तो कॉल. उच्चाराबद्दल शेरा लिहिण्याआधी एवढी खात्री जरूर करा.