मोशेचा थकवा आणि मुख्याध्यापकांची खुर्ची
(वाचन : निर्गम 18:13-27)



आपल्यापैकी एक मुख्याध्यापक आम्हांला भेटले. त्यांच्या संमतीने, नाव न घेता लिहीत आहोत. यू-डायसची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, पगारबिले, पालकांच्या तक्रारी. "फादर, रात्री झोप नाही, घरी चिडचिड होते. माझी श्रद्धा कमी पडते का?"

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली 'बर्नआउट'ची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न सावरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. शक्ती संपणे, कामाविषयी कडवटपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे, ही त्याची लक्षणे.

मोशेचे तेच झाले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटाच न्यायनिवाडा करीत बसे. सासरा इथ्रो भेटीला आला, तोही मोशेची पत्नी व दोन मुलगे यांना घेऊन. ती दूर राहिली होती. त्याने पाहिले आणि स्पष्ट सांगितले की, हे बरे नाही. अशाने तू थकशील आणि लोकही थकतील.

यातून तीन धडे :

1) इथ्रोने मोशेला अधिक प्रार्थना कर असे सांगून सोडले नाही, कामाची वाटणी करायला लावली. हजार, शंभर, पन्नास, दहा जणांवर विश्वासू माणसे नेमायची; अवघड तेवढेच मोशेकडे. उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक यांना काम देताना अधिकारही द्यावा.

2) मोशेने ऐकले. मोठ्या पदावरच्या माणसाला हे सोपे नसते.

3) लोकांनीही बदल स्वीकारला. प्रत्येक तक्रार थेट मुख्याध्यापकांकडेच नेण्याचा हट्ट आपणही सोडावा.

येथे आमचीही चूक कबूल करतो. शाळेचे कामकाज जमते म्हणून याच गृहस्थांना आम्ही सणाच्या समितीचे अध्यक्ष केले होते. त्यांना आम्ही मोकळे केले आहे. ती जबाबदारी घेण्यास कोण पुढे येईल? झोप न येण्याचा त्रास टिकला तर डॉक्टरांकडे जाण्यातही कमीपणा नाही.

घरी चर्चेसाठी : आपल्या घरातील 'मोशे' कोण? त्याचे कोणते एक काम या आठवड्यात आपण उचलू?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या शाळाप्रमुखांना विसावा दे आणि आम्हांला त्यांचे ओझे वाटून घेण्याची बुद्धी दे. आमेन.

— आपले धर्मगुरू