मूल जेवते, तरी वजन का वाढत नाही?

तळोजा परिसरातील अनेक माता आमच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न विचारतात. प्रथम एवढे ध्यानात घ्यावे की, दुसऱ्या वर्षात बालकाचे वजन साधारणतः 2 ते 2.5 किलोच वाढते. वाढ त्याहूनही मंद असेल, तर बालकाची वाटी तपासावी. भाताची पातळ पेज वा वरणाचे नुसते पाणी यांनी इवलेसे पोट भरते. अंगी मात्र फारसे लागत नाही.

म्हणून अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट असावे. मऊ मूगडाळ खिचडी, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे हे पदार्थ माफक खर्चात घरीच होतात. वाटीत चहाचा एक चमचा तूप किंवा तेल घातल्यास सुमारे 45 कॅलरी वाढतात. दिवसातून तीन-चार वेळा जेवण व एक-दोनदा खाऊ द्यावा. दोन वर्षांपर्यंत स्तनपानही चालू ठेवावे. जेवणापूर्वी चहा-बिस्किटे टाळावीत.

अंगणवाडीत दरमहा वजन करून घ्यावे. सलग दोन महिने वजन न वाढल्यास, दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरल्यास किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसल्यास केवळ घरगुती आहारावर विसंबू नये. बालकास विनाविलंब बालरोगतज्ज्ञांकडे आणावे, ही पालकांस आमची आग्रहाची विनंती आहे.